थानोस मेला, पुढे काय?

'एंडगेम'नंतर मार्व्हलच्या सुपरहिरो चित्रपटांत राम राहिला नाही, असं म्हणणाऱ्यांची संख्या आता इतकी झाली आहे की तो एक स्वतंत्र चाहतावर्गच मानावा. आकडेही त्यांच्या बाजूने साक्ष देतात. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर गोळा केले. नोव्हेंबर २०२३ मधला 'द मार्व्हल्स' २१ कोटींच्याही अलीकडेच अडला. मधला काळ जेमतेम साडेचार वर्षांचा. त्यामुळे 'क्लायमॅक्स झाला, आता बघायचं काय?' हा प्रश्न रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर त्यातच आल्यासारखंही.

मला ते उत्तर पटत नाही. शेवटानंतरची गोष्ट रंगते, चांगली रंगते, आणि मार्व्हलनेही ती काही वेळा रंगवून दाखवली आहे. जिथे फसलं, तिथलं कारण वेगळं आहे. शेवट झाला हे गोष्ट सांगणाऱ्यांनाच मान्य करायचं नव्हतं. मेलेल्याला मेलेला म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

आधी तो शेवट नेमका काय होता ते आठवू. २००८च्या 'आयर्न मॅन'पासून मोजलं तर हा बाविसावा चित्रपट, लांबी तीन तास एक मिनिट. भारतात तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. मराठीत नाही, आणि त्याबद्दल फारशी कुरकुरही झाली नाही, कारण आपल्याकडची पोरं या मंडळींना हिंदीत नाहीतर इंग्रजीतच ओळखत आली आहेत. काही थेटरांनी रात्रभर खेळ लावले, तेही भरले. ही गर्दी निव्वळ मारामारीसाठी नव्हती. 'आयर्न मॅन' बघताना जो दहा वर्षांचा होता, तो आता एकविशीत होता, आणि पडद्यावरचा आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्कही तेवढाच पिकला होता.

ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण 'कॉमिक्समध्ये तर सगळेच मरतात आणि परत येतात, मग सिनेमात आले तर काय बिघडलं?' हा युक्तिवाद चाहत्यांच्या तोंडी नेहमी असतो. कॉमिक्समधला स्पायडरमॅन १९६२ पासून आजतागायत तरुणच आहे. सुपरमॅन १९९२ मध्ये मेला आणि पुढच्या वर्षी परत उडायला लागला. वाचक अशा गोष्टी फार मनाला लावून घेत नाहीत, कारण चित्रातल्या माणसाचं वय चित्रकाराच्या हातात असतं. नटाचं नसतं. टोनीचं काम करणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा चेहरा अकरा वर्षं आपल्या डोळ्यांसमोर उतरत गेला, आणि म्हणून त्या चेहऱ्याचं मरण आपल्याला लागलं. सिनेमाने जे कमावलं ते कॉमिक्सच्या नियमांनी उधळायचं, हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

तर खलनायक थानोसने नाहीशी केलेली अर्धी माणसं पाच वर्षांनी परत आणताना आणि त्याला संपवताना टोनी गेला, नताशा (ब्लॅक विडो) गेली, कॅप्टन अमेरिका स्टीव्ह रॉजर्स म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसला. पण त्याच चित्रपटाने एक यंत्रही बनवून ठेवलं. भूतकाळात शिरायचं आणि हवं ते उचलून आणायचं यंत्र. त्या गडबडीत, आधीच्या चित्रपटात मेलेल्या दोघांपैकी, २०१२ मधला खोडकर देव लोकी निळा ठोकळा घेऊन पसार झाला आणि २०१४ मधली गमोरा आजच्या काळात येऊन पडली. म्हणजे एका हाताने प्रेक्षकाला खरंखुरं मरण दिलं आणि दुसऱ्या हाताने ते रद्द करायची सोय करून ठेवली. त्यानंतरच्या सगळ्या चित्रपटांत आणि मालिकांत हे दोन हात एकमेकांशी झटापट करताना दिसतात.

पहिल्या हाताचं काम बघायचं तर 'वांडाव्हिजन'चा चौथा भाग लावावा. २०२० सालात मार्व्हलचा एकही चित्रपट थेटरात आला नाही. कोविडने सगळंच पुढे ढकललं, आणि जानेवारी २०२१ मध्ये घरातल्या टीव्हीवर ही मालिका आली. चौथ्या भागाच्या सुरुवातीला धुळीचे कण हवेत गोळा होतात आणि त्यांतून मोनिका रॅम्बो नावाची बाई जमून येते. ती दवाखान्यात आईच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसलेली आहे. तिच्या लेखी मधे फक्त डुलकी लागली होती. आईचं ऑपरेशन झालंय, पण खाट रिकामी आहे. ती बाहेर येते तर पॅसेजमध्ये एकच गोंधळ: कुणी हवेतून प्रकट होतंय, कुणी किंचाळतंय, नर्सेस धावताहेत, कुणाचा कुणाला पत्ता नाही. ओळखीची डॉक्टर भेटते तेव्हा कळतं की आपण पाच वर्षं नव्हतो, आणि आई जाऊन तीन वर्षं झाली.

'एंडगेम'मध्ये मेलेले परत आले तेव्हा आपण थेटरात शिट्ट्या मारल्या होत्या. तीच घटना इथे दवाखान्याच्या पॅसेजमधून दिसते, आणि शिट्टी घशात अडकते. क्लायमॅक्स पुसला जात नाही, उलट मागे जाऊन अधिक खोल होतो. शेवटानंतरच्या गोष्टीकडून माझी मागणी एवढीच असते.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'ने तर सोन्याची खाण उघडली होती. ॲव्हेंजर, म्हणजे जग वाचवणाऱ्या सुपरहिरोंच्या टोळीतला, असलेला सॅम विल्सन बहिणीला घेऊन बँकेत कर्ज मागायला जातो. घरची मासेमारीची बोट वाचवायची आहे. समोरचा माणूस त्याला ओळखतो, खूश होतो, फोटो काढायचं बघतो आणि कर्ज नाकारतो, कारण गेल्या पाच वर्षांत तुमचं उत्पन्न शून्य आहे. माणूस अस्तित्वातच नव्हता तर उत्पन्न कुठून दाखवणार? पण बँकेचा कागद तो कागद. त्या मालिकेत आणखी मोठा प्रश्न होता. निम्मी माणसं नाहीशी झाल्यावर देशांनी सीमा सैल केल्या, बाहेरच्यांना बोलावून घेतलं, घरं दिली, कामं दिली. आता मूळ मालक परत आले, तेव्हा या लोकांनी जायचं कुठे? घर पाच वर्षांपूर्वीच्या मालकाचं की पाच वर्षं त्यात राहिलेल्याचं? असा प्रश्न सुपरहिरोंच्या चित्रपटांत दुर्मीळ. मालिकेने तो हातात घेतला आणि मग घाबरून खाली ठेवला. हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीच्या हातात बॉम्ब दिला, म्हणजे तिला मारणं सोपं झालं, आणि शेवटी सॅमने पुढाऱ्यांना एक भाषण दिलं. भाषण बरं होतं. पण त्यानंतरच्या चित्रपटांत ती माणसं, त्या छावण्या, ती घरं कुठे गेली, याचा मागमूस नाही.

आता दुसरा हात. जून २०२१ मधल्या 'लोकी'च्या पहिल्याच भागात काळावर देखरेख ठेवणारं एक सरकारी कचेरीसारखं कार्यालय दिसतं. तिथल्या कारकुनाच्या खणात लोकीला ते रंगीत खडे सापडतात, ज्यांच्या बळावर थानोसने अर्धं विश्व मारलं. बरेच आहेत, ढिगाने. कार्यालयातले काहीजण ते कागद उडू नयेत म्हणून वापरतात, असं तो कारकून सहज सांगतो. विनोद झकास आहे, मीही हसलो. पण बाविसाव्या चित्रपटापर्यंत जपलेला ऐवज दोन वर्षांत कागदांवर ठेवायच्या वजनाच्या किमतीला आला, हे त्यातून जाहीर झालं. अनंत विश्वं आहेत म्हटल्यावर कुठल्याही एका विश्वातल्या मरणाला काय भाव राहणार?

'लोकी'च्या लेखकांना हा धोका कळला होता, हे मात्र मान्य करायला हवं. त्याच भागात ते लोकीला बसवून त्याच्या आयुष्याचं रीळ दाखवतात: आईचं मरण, बापाचं मरण, शेवटी थानोसच्या मुठीत त्याची स्वतःची मान. परत आलेल्याला आधी स्वतःचा शेवट बघायला लावला. म्हणूनच दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो सगळ्या काळांच्या दोऱ्या हातात धरून एकटा सिंहासनावर बसतो तेव्हा त्याला अर्थ येतो. तो भाग ९ नोव्हेंबर २०२३ला आला आणि दुसऱ्या दिवशी थेटरात 'द मार्व्हल्स'. एकाच आठवड्यात एकाच स्टुडिओची सर्वांत चांगली आणि सर्वांत कमी चाललेली चीज.

इतरांना एवढी अक्कल सुचली नाही. 'वांडाव्हिजन'च्या नऊ भागांत जादूची शक्ती असलेली वांडा एवढंच शिकली होती की नवरा गेला तो गेला, आणि दुःखातून उभी केलेली पोरं हाताने सोडून द्यायला लागतात. चौदा महिन्यांनी आलेल्या डॉक्टर स्ट्रेंजच्या दुसऱ्या चित्रपटात ती त्याच पोरांसाठी खून पाडत सुटली. मालिकेच्या अखेरीस जादूचं काळं पुस्तक पेरून ठेवलं होतं म्हणा, पण पुस्तकाने बिघडवली हे काही कारण नव्हे, ती सबब झाली. गंमत म्हणजे हा चित्रपट दोन्हीकडून पडतो. मालिका न बघितलेल्याला ही पोरं कोण ते कळत नाही, आणि बघितलेल्याला नऊ भाग फुकट गेल्यासारखे वाटतात.

इथे 'गृहपाठ' या तक्रारीकडे, म्हणजे एक चित्रपट कळायला आधीचं सगळं बघावं लागतं या कुरकुरीकडे येऊ. मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनीच २०२५ मध्ये हिशेब मांडला: २००७ ते २०१९ या काळात सुमारे ५० तासांची गोष्ट आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत १०० तासांच्या वर. आठ जणांच्या आमटीत पाणी घालून वीस जणांची पंगत उठवली, तर आमटी संपलेली नसते, पण चव गेलेली असते. मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेला स्वतःचं ओटीटी उभं करायचं होतं, त्याला दर महिन्याला काहीतरी टाकायला हवं होतं, आणि मार्व्हल हे घरातलं हमखास दुकान होतं. मे २०२४ मध्ये डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन मालिका आणि दोन, फार तर तीन चित्रपट इथपर्यंत कपात जाहीर केली. उशिरा का होईना.

पण नुसत्या तासांना दोष देणंही बरोबर नाही. तास वाढले आणि तरीही ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे जास्त खटकतं. नोव्हेंबर २०२१च्या 'इटर्नल्स'मध्ये हिंदी महासागरातून एका प्रचंड देवतेचं डोकं आणि हात वर येतो आणि तिथेच दगड होऊन राहतो. ढगांपर्यंत पोचणारा दगड, आपल्या समुद्रात. पुढची तीन वर्षं त्या जगात कुणालाही त्याबद्दल विशेष काही विचारावंसं वाटलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीतल्या 'कॅप्टन अमेरिका'ला शेवटी त्याची आठवण झाली. (त्याच 'इटर्नल्स'मध्ये आपले हरीश पटेल हिरोच्या सेक्रेटरीचं काम करून सगळ्या देवांपेक्षा जास्त माणूस वाटून गेले, तेही कुणी पुढे नेलं नाही.) पूर्वी एका चित्रपटातली पडझड दुसऱ्यात भांडणाचं कारण व्हायची. आता परिणाम मागे राहतात आणि पाहुणे कलाकार तेवढे पुढे येतात.

युद्धानंतर काय सांगायचं, हा प्रश्न मार्व्हलला पहिल्यांदा पडलेला नाही. महाभारतात रात्रीच्या कत्तलीनंतर, म्हणजे सगळं रक्त सांडून झाल्यावर, अठरापैकी आठ पर्वं शिल्लक आहेत. त्यांत मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर द्वारकेतल्या बायकांना सुखरूप न्यायचं काम अर्जुनाकडे येतं. वाटेत लुटारू हल्ला करतात. काठ्या घेतलेले साधे लुटारू. आणि ज्याने कुरुक्षेत्र जिंकलं त्याच्याच्याने गांडीव कसंबसं चढतं, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय म्हणून मिरवलेले बाण संपतात. बायका पळवल्या जातात. कुठल्याही स्टुडिओने हा प्रसंग पटकथेतून पहिल्या फटक्यात कापला असता. तिथे कुणी समांतर विश्वातून तरुण अर्जुन आणला नाही. हरलेला अर्जुन व्यासांकडे जातो, आणि तुमचा काळ संपला, एवढंच त्याला कळतं. मला युद्धाच्या अठरा दिवसांइतकाच हा दिवस महत्त्वाचा वाटतो.

मार्व्हललाही हे जमतं, तेव्हा काय होतं ते पाहा. 'ब्लॅक पँथर'चं, म्हणजे वकांडाच्या राजाचं काम करणारा चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये गेला. तिथे यंत्र चालणार नव्हतं. दुसरा नट घेता आला असता, पण तो घेतला नाही. 'वकांडा फॉरएव्हर'ची सुरुवात राजाच्या मरणाने होते. बहीण प्रयोगशाळेत औषध शोधत राहते आणि आई येऊन सांगते की तो गेला. मग पांढऱ्या कपड्यांतली अंत्ययात्रा. चित्रपटात दोष पुष्कळ आहेत, लांबलाय, मधेच वेगळ्या मालिकेची जाहिरात करतो, पण त्या पहिल्या दहा मिनिटांची बरोबरी 'एंडगेम'नंतरच्या फार थोड्या ठिकाणी आहे.

किंवा 'गार्डियन्स'चा तिसरा भाग घ्या. गमोरा आहे, चेहरा तोच, पण ही २०१४ मधली. मेलेल्या गमोराचा प्रियकर पीटर क्विल, त्याच्यावर हिने कधी प्रेम केलंच नव्हतं. सबंध चित्रपटभर तो तिला आठवण करून द्यायला बघतो आणि ती वैतागते. शेवटी ती एवढं मान्य करते की आपली जोडी तेव्हा धमाल होती असणार, आणि आपल्या लोकांकडे निघून जाते. दिग्दर्शक जेम्स गन यांच्याकडे तीच दुसऱ्या हाताची सोय होती. त्यांनी ती वापरून असं सांगितलं की चेहरा परत आला तरी माणूस परत येत नाही. या चित्रपटाने सुमारे ८४ कोटी डॉलर कमावले. म्हणजे खरं बोललं की तिकीट खपत नाही, असंही नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत दणकट पुरावा. 'एंडगेम' झाल्यावर सर्वांत जास्त धंदा केला तो 'स्पायडरमॅन: नो वे होम'ने, सुमारे १९० कोटी, आणि मग 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'ने, सुमारे १३३ कोटी. दोन्ही चित्रपट परत आणलेल्या माणसांवर उभे. मग पब्लिकला तेच हवंय की!

हवंय, पण दोन्ही सारखे नाहीत. 'नो वे होम'मध्ये जुने दोन स्पायडरमॅन येतात तेव्हा थेटर डोक्यावर घेतलं गेलं, हे खरं. पण चित्रपट तिथे थांबत नाही. पीटर पार्करला, म्हणजे आत्ताच्या स्पायडरमॅनला, सगळं जग विसरतं. तो मैत्रिणीच्या कॅफेत जातो, काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलेलं असतं. तिच्या कपाळावरची पट्टी बघतो आणि कागद खिशातच ठेवतो. मग भाड्याची खोली, शाळेच्या परीक्षेचं पुस्तक, शिलाई मशीनवर स्वतः शिवलेला पोशाख. आल्या-गेल्यांची किंमत त्याने भरली. 'डेडपूल'मध्ये उलटं आहे. २०१७ मध्ये 'लोगन'ने वूल्व्हरिनला रडवून पुरला होता. डेडपूल सुरुवातीलाच त्याचं थडगं उकरतो आणि त्याच्या हाडांनी नाचत नाचत शत्रूंना मारतो. हे निलाजरेपण इतकं उघड आहे की मला आवडलं. निदान तो चित्रपट आपण काय करतोय हे लपवत नाही. पण ही थट्टा एकदा चालते. सगळ्या स्टुडिओचं धोरण म्हणून चालत नाही.

आणि थोडा दोष आपल्याकडेही येतो. मे २०२५ मधला 'थंडरबोल्ट्स' नताशाच्या मरणातून न सावरलेल्या तिच्या बहिणीचा, येलेनाचा चित्रपट आहे. शेवटच्या लढाईत अंधाराला ठोसे मारून भागत नाही, तो अंधार ज्याच्या आत आहे त्या पोराला घट्ट धरून ठेवावं लागतं. शेवटानंतरची गोष्ट कशी असावी त्याचा हा नमुना. जगभरात ३८ कोटींच्या आसपास थांबला. मित्रांना विचारलं तर उत्तर एकच: 'त्यात कोण आहे?' कोण येणार, कुठला जुना चेहरा शेवटच्या पाटीनंतर दिसणार, याच्यापलीकडे आपण विचारत नाही, आणि मग गोष्टीत दम नाही म्हणतो. हे पिक्चर अजून आवडीने बघायचे असतील तर सगळं बघायचा हट्ट सोडावा. सहा-सात निवडावेत, बाकीचे खुशाल चुकवावेत. फरक पडत नाही, ते स्वतःही एकमेकांना चुकवतात.

स्टुडिओने मात्र दुसरा हात पकडला आहे. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात हिरवा झगा घातलेल्या माणसाने मुखवटा काढला आणि आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर निघाला. सभागृह वेडं झालं. 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये तो डॉक्टर डूम होणार, तारीख १८ डिसेंबर २०२६ ठरवली आहे. कँग या खलनायकाभोवती विणलेला आधीचा बेत, त्याचं काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला कोर्टाने दोषी ठरवल्यावर मोडला, आणि तिजोरीतला सर्वांत महाग चेहरा बाहेर काढला. धंद्याच्या दृष्टीने मी तेच केलं असतं. मी तिकीटही काढणार आहे. पण टोनीला एक मुलगी होती, मॉर्गन. बाप गेला तेव्हा चार-पाच वर्षांची, अंत्यविधीनंतर चीजबर्गर मागणारी. हा नवा खलनायक त्याच चेहऱ्याने पडद्यावर येणार असेल, तर तिने तो चेहरा बघायला हवा, आणि काय बघितलं ते आम्हाला दिसायला हवं. तो प्रसंग त्यांनी लिहिला असेल तर माझे पैसे वसूल. नसेल लिहिला, तर डाउनीला किती कोटी दिले याच्याशी मला कर्तव्य नाही.